परभारे गेलेला डबा

भांडुपला स्टेशनच्या पश्चिमेला भाजीबाजार संपतो आणि कारखान्यांकडे जाणारा रस्ता सुरू होतो, तिथे ऐंशीच्या दशकात एक खानावळ होती. पाटी नव्हती. दारात एक काळी फळी टांगलेली असायची आणि तिच्यावर खडूने त्या दिवशीचे मासे लिहिलेले असायचे. बांगडा, मांदेली, सौंदाळे, पगाराच्या आठवड्यात सुरमई. आत लांब बाकं, सनमायकाची टेबलं आणि मागे चुलीपाशी काकी. खानावळीला नाव असलंच तर तेच, 'काकींकडे'. काकी कुडाळकडच्या. नवरा गावी कलमं आणि म्हातारी आई सांभाळायचा, ह्या मुंबईत माणसं जेवू घालायच्या. कारखान्यातल्या कामगारालाही रोज परवडेल असं ताट असायचं: भात, माशाचं सार, एक तळलेली तुकडी आणि वाटीभर सोलकढी. सार मागाल तितक्या वेळा मिळायचं. भात मात्र तिसऱ्यांदा मागितला की काकी एकदा डोळे वर करून बघायच्या आणि मग वाढायच्या.

मी तिथे दर रविवारी दुपारी नवऱ्याबरोबर जेवायला जायचे. नवऱ्याला मी तोंडावर अहोजाहो करायचे आणि मनात अरेतुरे. इथे मनातलंच लिहिते आहे, तेव्हा मी त्याला 'तो'च म्हणणार.

लग्न होऊन मी आले ती कराडजवळच्या एका गावातून. आमच्याकडे मासा म्हणजे नदीत कोणी पकडला तर बघायला जायची वस्तू. मटण व्हायचं, तेही जत्रेला. नवरा मूळचा मालवणकडचा, मुंबईत वाढलेला, भांडुपच्याच एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून. स्थळ आलं तेव्हा आत्याने नाक मुरडलं होतं. "मासेखाऊ मानसं ती, पोरीला वासानंच भोवळ यील," म्हणाली. भोवळ काही आली नाही. उलट पहिल्याच महिन्यात मी हौसेने बांगडे आणले आणि मला जे एकच कालवण येत होतं त्याच रीतीने केले. कांदा-लसणाची चटणी, वर मूठभर शेंगदाण्याचा कूट, आणि मटणाला देतात तशी तब्येतीत उकळी. शेवटी पातेल्यात बांगडा शोधावा लागला. नवरा मुकाट्याने जेवला, हात धुतला आणि मग हसत सुटला. "तुम्हा घाटावरच्या लोकांना मासा दिसला की शेंगदाणा आठवतो का गं?"

मीही हसले. मग त्यानेच तोडगा काढला. रविवारी काकींकडे मासे खायचे, बाकीचे दिवस तुझ्या हातचं. "आणि डबा तुझ्याच हातचा. कँटीनचं मला चालत नाही," असंही म्हणाला. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

मला ते एवढं लागायला कारण होतं. माझ्या आईने मला चुलीजवळ कधी फिरकू दिलं नाही. "तू पुस्तक धर, हितलं मी बघते," हे तिचं ठरलेलं. तिला मला मास्तरीण करायचं होतं, आणि मी झालेही. पण माझं लग्न ठरायच्या आधीच ती गेली, अचानक, आणि तिच्या हातचं एकही कालवण मला येत नव्हतं. विचारणार कोणाला? आत्याचा हात अगदीच वेगळा, वडिलांना खाण्यापलीकडे काही ठाऊक नाही. माझ्यापाशी होती ती फक्त जिभेवरची आठवण. तेवढ्यावर मी तिची मटकीची उसळ पकडायला निघाले. जेमतेम मोड फुटलेली मटकी, भरपूर चटणी, जाडसर कूट, अगदी कोरडी, जीभ पोळेल अशी. रोज करायची आणि रोज चुकायची. ज्या दिवशी ती जमली त्या दिवशी मी चुलीपुढे बसून एकटीच रडले. मुंबईला येताना आईचं म्हणून माझ्याबरोबर काही आलं असेल तर ती उसळ.

तर मी डबा करू लागले. गॅसचा नंबर लागायचा होता. पहाटे उठून स्टोव्हला पिन मारायची, पंप मारायचा, भाकऱ्या थापायच्या. माझी शाळा दुपारची, त्यामुळे सकाळ सगळी माझ्या हातात असायची. तीन पुडांचा स्टीलचा डबा: एकात भाकरी, एकात उसळ नाहीतर दोडक्याची किंवा घेवड्याची भाजी, वरच्या छोट्या पुडात ठेचा. संध्याकाळी मी शाळेतून येई तेव्हा तो माझ्या आधी आलेला असे आणि डबा मोरीपाशी असे, आतून अगदी लख्ख. मी पदर खोचता खोचता विचारायचे, "कशी होती?"

आणि मला उत्तर मिळायचं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींचे नवरे 'बरी होती' म्हणून पेपरात डोकं घालायचे. माझा नवरा तसा नव्हता. तो बारकाईने सांगायचा. आज घेवडा जरा कच्चा राहिला. आज दोडकं फार सुरेख, मात्र पाणी किंचित जास्त. एकदा म्हणाला, "ठेचा फार झणझणीत झाला होता गं आज, डोळ्यांतून पाणी आलं." मी हळहळले. ऑफिसात चारचौघांत रुमालाने डोळे पुसणारा तो मला दिसला. दुसऱ्या दिवसापासून मी ठेच्यातल्या मिरच्या निम्म्यावर आणल्या. स्टाफरूममध्ये मी हे सगळं मिरवायचे. "आमच्याकडे ना, मीठ इकडचं तिकडं झालं तरी कळतं," असं म्हणायचे, आणि बायका एकमेकींकडे बघायच्या.

उसळीबद्दल पहिल्यांदा तो बोलला ते कुटाबद्दल. "कूट जरा जड पडतो दुपारचा." मी कमी केला. मग म्हणाला, "थोडं ओलं खोबरं घालून बघ की." इथे मात्र मी घुटमळले. आईने उसळीत खोबरं कधी घातलं नव्हतं. खोबरं ही आमच्याकडे प्रसादाला फोडायची गोष्ट. दोन दिवस मी मटकी भिजवलीच नाही. मग स्वतःला समजावलं, की जेवणारा तो आहे, आई नाही. घातलं खोबरं. "आज मात्र झकास झाली होती," असा निरोप संध्याकाळी आला, आणि त्या एका शब्दासाठी मी मग चटणीही निम्मी केली, चिमूटभर गूळही घातला. आपल्या माणसाच्या जिभेला आपला हात जुळत चालला, ह्यात मला कमीपणा वाटला नाही. संसार म्हणजे हेच, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

रविवारी काकींकडे तोच माणूस वेगळा दिसायचा. भातावर सार ओतलं की त्याचं बोलणं बंद. मला सुरुवातीला काटे काढता येत नसत. मग तो आधी माझी तुकडी आपल्या ताटात घ्यायचा, बोटांनी चाचपून एकेक काटा काढायचा आणि मासळी माझ्या भातावर ठेवायचा. मी न बघता तोंडात टाकायचे. एवढा विश्वास मी आयुष्यात दुसऱ्या कोणावर टाकलेला नाही. काकी ते बघायच्या आणि हसायच्या. मला त्या इतरांपेक्षा मोठी तुकडी द्यायच्या, न मागता, आणि पाठीवरून हात फिरवायच्या.

"तुज्या हाताक चव आसा गो बाये," एकदा वाढता वाढता म्हणाल्या. "देवान दिलेली."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून भात कालवत होता. लाजला असेल, असं मला वाटलं. माझं कौतुक घरी करतो ते करतो, वर काकींपाशीही करून ठेवतो म्हणजे काय. त्या रविवारी मी घरी चालत आले ती तरंगतच आले.

अशी अडीच वर्षं गेली.

त्या वर्षी गटारीला काकींकडे पाय ठेवायला जागा नव्हती. लोक ताट हातात धरून बाहेर उभ्याने जेवत होते. दुसऱ्या दिवशी श्रावण, आणि श्रावणात मासळी कोण खाणार? काकी दर वर्षी श्रावण लागला की खानावळीला कुलूप घालून गावी जायच्या आणि गणपती आटोपून परत यायच्या. नवरा एरवी कुठला वार पाळत नसे, पण श्रावण पाळायचा.

श्रावणाच्या पहिल्याच सकाळी, नवरा डबा घेऊन ऑफिसला गेला आणि पाठोपाठ दारात काकी. नवी साडी, केसांत फूल, हातात पिशवी. काकींना मी खानावळीबाहेर कधी पाहिलंच नव्हतं, क्षणभर ओळखलं नाही.

"बस गो बाये," मलाच म्हणाल्या. "आज गावाक चललंय. म्हटलं, जाताना तुजी ओटी भरून जावया."

"माझी ओटी? ती कशासाठी, काकी?"

"कशासाठी म्हणान काय इचारतस?" त्यांनी मला पाटावर बसवलं, पिशवीतून तांदूळ, नारळ आणि हिरवा खण काढला. "दोनाच्या वर वर्सां झाली, मी तुज्या हातचा जेवतंय. ऐतवारच्या गर्दीत ह्यां बोलाक कधी गावलां नाय. दिवसभर मासे तळून तळून माका त्या वासान घास जायत नाय. सगळ्यांका वाढून झाला की मी आपला चाय-बटर खाऊन रवय. एक दिवस तुजो घोव म्हणालो, काकी, ह्यो डबो घेवा, बायकोन तुमच्यासाठी धाडल्यान. मी नको म्हटलंय. तर म्हणता, नाय घेतलास तर ती रागावतली."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ऐकू सगळं येत होतं.

"तेवापासून रोज. तो माजा ताट जेवता, मी तुजो डबो." त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "ठेचो तिखट लागलो, डोळ्यांत पाणी इला, म्हणान तेका सांगलंय. तू दुसऱ्या दिवसापासून कमी केलस. उसळीत खोबरां घाल म्हटलंय, तां पण घातलस. गूळ सांगलंय, गूळ घातलस. माका गो कोण इचारता, जेवलस काय म्हणान? सगळ्यांका मी वाढतंय. तू इचारलस. पोटची पोर करुची नाय इतक्या केलस."

त्यांचे डोळे भरले होते. माझा पदर पसरलेला, त्यात त्या ओंजळीने तांदूळ घालत होत्या, आणि मी सांगू काय? की मी तुमच्यासाठी काही पाठवलं नाही? की तुम्ही जेवलात का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता? ज्या अन्नासाठी ती बाई माझी ओटी भरत होती ते मी तिला दिलेलंच नव्हतं. माझ्या हातून काढून, माझ्या नावाने, मला न विचारता ते दिलं गेलं होतं. आणि आता त्या खोटेपणाला होकार देण्याची पाळी माझ्यावर आली होती, तोही सवाष्णीने भरलेली ओटी मांडीवर घेऊन. मी वाकून नमस्कार केला. तोंडातून शब्द निघाला तो एवढाच, "सांभाळून जा, काकी."

त्या गेल्यावर मी पाटावरच बसून राहिले. आधी राग आला नाही. आधी लाज वाटली. स्टाफरूममधलं माझं एकेक वाक्य मला आठवत गेलं. मीठ इकडचं तिकडं झालं तरी कळतं म्हणे. मग गेल्या श्रावणातली गोष्ट आठवली. त्या महिन्यात तो रोज नुसतं 'छान' म्हणायचा, 'नेहमीसारखी' म्हणायचा. मला वाटलं होतं, उपासतापासाचे दिवस, माणसाची जीभ मंदावते. सांगायला कोणी नव्हतं म्हणून तो गप्प होता, हे आता कळलं. ठेच्याने डोळ्यांतून आलेलं पाणीसुद्धा त्याचं नव्हतं. राग आला तो इथे. माणूस खोटं बोलतो ते समजू शकतं, पण दुसऱ्याचे अश्रू उचलून आणून घरी बायकोला दाखवतो?

शाळेत त्या दिवशी मी काय शिकवलं ते मला सांगता यायचं नाही. संध्याकाळी घरी आले तर डबा मोरीपाशी, लख्ख. तो खाटेवर पेपर वाचत होता. मी पदर खोचला आणि रोजच्या आवाजात विचारलं, "कशी होती?"

"छान होती."

"छान म्हणजे कशी?"

"नेहमीसारखी," पेपर न काढता तो म्हणाला.

"काकी तर सकाळीच गावी गेल्या. मग आज कोणी खाल्ला?"

पेपर खाली आला. ओटीतला नारळ आणि खण मी कपाटावर ठेवले होते, तिकडे त्याचं लक्ष गेलं. त्याला सांगावं लागलं नाही. चष्म्याच्या काचा पुसत तो म्हणाला, "शिपायाने."

"गेल्या श्रावणात?"

"त्यानेच."

म्हणजे नवऱ्याने तो डबा कधीच खाल्ला नव्हता. काकींच्या बोलण्यातून मला वाटलं होतं, की सुरुवातीचे काही महिने तरी त्याचे असतील, मधले काही दिवस तरी. मी तेही विचारलं. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा खाल्ला, म्हणाला, पण दुपारी त्याला भाकरी जायची नाही. लहानपणापासून भात आणि मासे. भाकरी पोटात दगडासारखी बसायची.

"मग सांगायचं होतंस मला. भात दिला असता."

"तू एवढ्या हौसेने पहाटे उठायचीस. त्यात तुझी आई गेलेली. म्हटलं, कशाला दुखवा." मग त्याचा आवाज जरा सावरला. "आणि वाया तर काही गेलं नाही ना? काकी बिचाऱ्या उपाशी राहायच्या, त्या दोन घास जेवल्या. तुलाच पुण्य लागलं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. माझ्याच पदरात माझं पुण्य टाकून तो मोकळा झाला होता. मी म्हटलं, "मी आईची उसळ बदलली. तू सांगितलंस म्हणून. कूट काढला, खोबरं घातलं, गूळ घातला. मला वाटलं, तुला तशी आवडते."

"मग चांगलीच झाली असणार ना," तो म्हणाला.

असणार. अडीच वर्षं माझ्या जेवणाचे गुणदोष सांगणारा माणूस मला 'असणार' म्हणत होता. त्या क्षणी त्याने गप्प बसायला हवं होतं. पण माझा चेहरा बघून तो उठला, जवळ आला, आणि लग्न झाल्यापासून कधी बोलला नव्हता तसं बोलला. "अगं, एवढ्याशा गोष्टीने काय होतं? तुझ्यासारखी बायको मिळाली हे माझं नशीब. खरंच सांगतो."

"हे कोणाला विचारून आलास?"

तो परत खाटेवर जाऊन बसला. त्या संध्याकाळी मी त्याला पहिल्यांदाच तोंडावर 'तू' म्हटलं होतं, आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मी स्वयंपाकाला लागले. भात लावला. दोघांनाही नुसता भात आणि वरण वाढलं, आणि त्याने तो दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून डबा बंद. मी भांडले नाही, माहेरी गेले नाही. माणसं विचारतात, एवढ्यावरून का? तेव्हाही मला ते कोणाला समजावता आलं नसतं. मैत्रिणींना सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या, आणि हसण्यासारखंच होतं ते. नवऱ्याने बाई ठेवली नव्हती, दारू पीत नव्हता, पगार घरी आणत होता. पण त्यानंतर तो काही बोलला की मी ते उलटून बघायचे. साडी चांगली दिसते म्हणाला, की मनात यायचं, शेजारची म्हणाली असेल. शाळेतल्या नाटुकल्याचं मी लिहिलेलं संहितेचं पान त्याने वाचलं आणि मधला भाग लांबलाय म्हणाला. अगदी बरोबर बोलला होता. मी ते लिखाण बाजूला ठेवून दिलं. बरोबर असण्याने काही होत नाही, हे मला आता ठाऊक झालं होतं.

गणपती झाले, काकी परत आल्या, फळीवर पुन्हा मासे चढले. मी नवऱ्याला म्हटलं, काकींना सांग, बायकोची शाळा आता सकाळची झाली, डबा होत नाही. त्याने सांगितलं असावं. पुढच्या रविवारी गेलो तर काकींनी नेहमीसारखी मोठी तुकडी वाढली, पाठीवरून हात फिरवला. "तब्येत बरी मा गो? दमतस काय?" असं म्हणाल्या. त्यांना वाटत होतं, मी त्यांना घास द्यायचं थांबवलं त्याला काही मोठंच कारण असणार. टेबलाच्या पलीकडे नवरा काटे काढत होता. त्याने मासळी माझ्या भातावर ठेवली आणि मी ती बोटांनी चाचपून पाहिली. रविवारी जायचं मी हळूहळू सोडलं. आज डोकं दुखतंय, आज वह्या तपासायच्या आहेत. तो एकटाच जाऊ लागला.

मला एक मात्र करायचं होतं. आईची उसळ मला परत हवी होती.

हिवाळ्यात वडील डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला म्हणून मुंबईला आले. गावाकडून येताना त्यांनी आत्याने कांडलेली चटणी आणली, परसातल्या मटकीची पिशवी आणली आणि भाजलेले शेंगदाणे आणले. मी म्हटलं, हाच दिवस. मटकी भिजवली, फडक्यात बांधली, मोड जेमतेम टोक काढेपर्यंत ठेवली. कूट खलबत्त्यात जाडसर कुटला. खोबऱ्याला हात लावला नाही, गुळाचा डबा उघडला नाही. चटणी आधी जेवढी घालायचे तेवढी घातली, मग चमच्याच्या टोकाने चाखली आणि आणखी घातली. स्टोव्हपाशी उभी राहून मी डोळे मिटले आणि शोधत राहिले, पूर्वी शोधायचे तसं. थोडं मीठ. आणखी एक चिमूट कूट. आणि मग जिभेवर ती आली. मला ती ओळखू आली. हीच ती, असं मला इतकं स्वच्छ वाटलं की इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. नवऱ्याने घेतलं ते काहीही असो, हे त्याला घेता आलेलं नव्हतं.

मी वडिलांचं पान मांडलं. गरम भाकरी, उसळ, कांदा. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, उसळीला लावला आणि तोंडात टाकला. मी पुढची भाकरी थापत होते, पण कान तिकडेच होते. ते सावकाश चावत राहिले. दुसरा घास घेतला. तीस वर्षं त्यांनी आईच्या हातचं खाल्लं होतं, आणि त्यांना खोटं बोलायची कधी गरज पडलेली नव्हती.

"चांगली हाय की," ते म्हणाले. मग वाटीकडे बघून, अगदी सहज, नव्या गावातल्या रीतीभाती विचाराव्या तसं त्यांनी विचारलं, "हिकडं मुंबईत उसळ अशी करत्यात व्हय?"

मी हो म्हटलं आणि त्यांना दुसरी भाकरी वाढली.